एका रात्रीसाठी कॅम्पर व्हॅन घेऊन लहान गावातल्या कॉन्सर्टला: बॅटरी, जागा, हवा आणि झोप

चाकांवर_मुक्काम (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

एका लहान गावाबाहेरच्या मैदानावर शनिवारी संध्याकाळी कॉन्सर्ट आहे. अंतर अडीच तासांचं. कार्यक्रम रात्री साडेअकराच्या सुमारास संपेल. त्यानंतर रात्रीची गाडी न चालवता व्हॅनमध्येच झोपायचं आणि सकाळी निघायचं, असा बेत आहे. तिघे जण: दोघे मागच्या पलंगावर, एक उलगडणाऱ्या बाकावर.

गाडीची माहिती: लांब चेसिसची पत्र्याची व्हॅन, पुढच्या चाकांची ड्राइव्ह. मागे १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम (एलएफपी) बॅटरी. ती चालत्या गाडीवर चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, छताला दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा, एलईडी दिवे, १००० वॉटचा इन्व्हर्टर, दोन बर्नरची गॅस शेगडी. सोलर नाही.

विचारायचं ते असं. सोलरशिवाय बॅटरी सकाळपर्यंत पुरेल का, की रात्री मध्येच इंजिन चालू ठेवावं लागेल? शुक्रवारी पावसाचा अंदाज आहे, तर मैदानात गाडी कुठे आणि कशी लावावी? आवाज आणि डास टाळायला रात्री खिडक्या पूर्ण बंद केल्या तर चालतील ना? आणखी काही सुटत असेल तर तेही सांगा.

---

बारा_व्होल्ट

बॅटरीचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पुरेल, आणि निम्मी उरेल.

हिशेब असा. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो, पण तो सतत चालत नाही. हवामानाप्रमाणे एक तृतीयांश ते निम्मा वेळ चालतो, म्हणजे सरासरी १५ ते २२ वॉट. दुपारी ४ ते सकाळी ८ असे १६ तास धरले तर २४० ते ३५० वॉट-तास. पंखा मंद वेगावर १० वॉट, ९ तास, म्हणजे ९०. दिवे २५. तीन फोन एकेकदा पूर्ण चार्ज केले तर ५० ते ६०. एकूण झाले ४०० ते ५२५ वॉट-तास. तुमची बॅटरी १२.८ गुणिले १०० म्हणजे १२८० वॉट-तासांची, आणि एलएफपीतले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. शिवाय अडीच तासांच्या प्रवासात चार्जर ७५ अँपिअर-तासांपर्यंत भरतो. निघताना बॅटरी पाव भरलेली असली तरी पोचेपर्यंत ती जवळपास भरलेली असेल. एका रात्रीसाठी सोलर घ्यायची गरज नाही.

हा हिशेब बिघडवतो तो इन्व्हर्टर. काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी तो १० ते १५ वॉट खातो. १६ तासांत १६० ते २४० वॉट-तास, म्हणजे जवळपास आणखी एक फ्रीज! फोन थेट १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर लावा आणि इन्व्हर्टर बटणावरून बंद ठेवा. विजेची किटली तर नकोच. १००० वॉटची किटली बॅटरीतून ९० अँपिअरच्या घरात ओढते, इन्व्हर्टर त्याच्या मर्यादेला टेकतो आणि बहुतेक वेळा पाणी कोमट असतानाच ट्रिप होतो. पाणी गॅसवर उकळा.

एलएफपीत किती उरलंय हे व्होल्टवरून पाहू नका. साधारण ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान व्होल्टेज १३.१-१३.२ च्या आसपासच रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) लावलेला मॉनिटर असेल तर त्याचाच आकडा खरा, आणि तोही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून १०० टक्क्यांवर जुळवलेला असेल तरच. शिसे-ॲसिड बॅटरीचा '१२.२ म्हणजे निम्मी' हा नियम इथे लागू नाही.

रात्री इंजिन उभं चालू ठेवू नका. आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) कमी फिरतो, त्याचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, आणि चार्जर मात्र त्याच्याकडून पूर्ण करंट ओढत राहतो. त्यामुळे अल्टरनेटर तापतो. धूर शेजारच्या गाडीत झोपलेल्यांच्या खिडकीत जातो ते वेगळंच.

आता चार्जरच्या वायरकडे बघा, कारण घरी केलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त चूक तिथेच सापडते. आउटपुट ३० अँपिअर असलं तरी इनपुटला ३५ ते ३७ अँपिअर लागतात. इंजिनाच्या बॅटरीपासून मागे ५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. ६ स्क्वेअरच्या (६ चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीवर साधारण १ व्होल्ट गळतो, १० स्क्वेअरवर ०.६, १६ स्क्वेअरवर ०.४. नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर आधीच मधूनमधून साडेबारा व्होल्टच्या आसपास उतरतो. त्यातून एक व्होल्ट गेला की चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं, आणि तो चार्जिंग थांबवतो. गाडी अडीच तास चालूनही बॅटरी तशीच. म्हणून १६ स्क्वेअर घाला. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूला हवा, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत.

तपासायचं कसं? निघण्याच्या एक-दोन दिवस आधी मागची बॅटरी थोडी उतरवून गाडी अर्धा तास चालवा. थांबल्यावर इंजिन चालू ठेवूनच चार्जरच्या इनपुटवर आणि इंजिनाच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. मग इंजिन बंद करून प्रत्येक लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि फ्यूज होल्डरला बोट लावा. बाकीचे कोमट आणि एकच चटका देणारा, तर तोच जोड खराब. पक्कड वापरून दाबलेले लग असेच तापतात, हायड्रॉलिक क्रिंपरने केलेले तापत नाहीत.

शेवटचं. फ्रीज मागच्या बॅटरीवरच आहे ना, हे खात्रीने बघा. डॅशबोर्डच्या सॉकेटवर असेल तर सकाळी इंजिनच सुरू न होण्याचा धोका. दारं उघडी ठेवून गप्पा मारत बसलं की केबिनचे दिवे आणि स्टिरिओ तेच करतात. चावी जवळ असली की काही बिनचावीच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स जागीच राहते, म्हणून चावी पत्र्याच्या डब्यात ठेवा. जंप स्टार्टर चार्ज करून बरोबर घ्या.

---

चिखलवाट

बॅटरीची काळजी मिटली असेल तर आता जागेची करा. अशा एका रात्रीच्या मुक्कामात हाल होतात ते बहुतेक जागा चुकल्यामुळे.

आधी आयोजकांना फोन. नुसतं 'पार्किंग आहे का' एवढ्यावर थांबू नका. रात्रभर गाडीत झोपायची परवानगी आहे की फक्त गाडी उभी करायची? फाटकाला रात्री कुलूप लागतं का, आणि सकाळी कोण उघडतं? फाटकावर उंचीचा अडसर आहे का? गॅस शेगडीला मनाई आहे का? मुक्कामी गाड्यांची वेगळी रांग आहे का? गाडीची उंची छताचा पंखा धरून टेपने मोजा आणि चालकाच्या सनशेडवर लिहून ठेवा. अंधारात अडसरासमोर उभं राहून आठवायची ती गोष्ट नव्हे.

दिवसाउजेडी पोचा. ओल्या मैदानात जागा पायांनी निवडायची असते, गाडीतून नाही. गाडी बाहेर घट्ट जमिनीवर थांबवा, उतरा, आणि जिथे लावायची तिथे टाच पूर्ण वजनाने रोवून गोल फिरवा. दोन-तीन सेंटिमीटरहून जास्त रुतली किंवा ठशात पाणी जमलं, तर तीन टनांच्या गाडीसाठी ती जागा नाही. वरची साय वाळलेली आणि खाली लोणी, असंही होतं. म्हणून टाच फिरवायची. गवताचा एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा गडद हिरवा आणि उंच दिसला तर तिथे पाणी मुरतं. मैदानाचा सगळ्यात सखल कोपरा बहुधा मोकळाच असतो, आणि मोकळा आहे म्हणूनच नवखे तिथे जाऊन बसतात.

फाटकाच्या तोंडाशीही नको. प्रत्येक गाडी तिथेच वळते, त्यामुळे सगळ्यात आधी चिखल तिथेच होतो. फाटकापासून तीस-चाळीस मीटर आत, पण बाहेर जायच्या वाटेच्या कडेला किंवा वळणाच्या कोपऱ्यावर नाही. कार्यक्रम सुटल्यावर लोक घाईत कोपरे कापतात आणि अर्धा-पाऊण तास हेडलाइटचे झोत तुमच्या पलंगावर फिरत राहतात.

तुमची ड्राइव्ह पुढच्या चाकांची आहे, हे इथे फार महत्त्वाचं. सकाळी निघताना उतार पुढे हवा. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. ओल्या गवतावर चढ चढताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. चढावंच लागलं तर रिव्हर्समध्ये चढा, मग ड्राइव्हच्या चाकांवर वजन येतं. म्हणून आत शिरतानाच वळून, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा.

समतल करणं: फोनवरचं लेव्हल ॲप फरशीवर ठेवा. साडेतीन मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) एक अंश म्हणजे ६ सेंटिमीटरचा फरक, यावरून चाकाखाली किती उंचीची रॅम्प लागेल ते लगेच कळतं. पुढेमागे एखादा अंश राहिला तरी चालतो, फक्त डोकं चढाच्या बाजूला ठेवून झोपा. आडवा उतार मात्र काढाच, नाहीतर पलंगावरचे दोघे रात्रभर एकमेकांवर घसरतील. मऊ जमिनीत रॅम्प स्वतःच रुतते, तेव्हा तिच्याखाली १२ मिलिमीटर प्लायवुडचा फूटभर रुंद तुकडा टाका. चढल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि उताराच्या बाजूने चाकाला ठोकळा.

आणि रुतलीच तर: चाक पहिल्यांदा फिरलं की त्याच क्षणी पाय काढा. पुढची दहा सेकंद रेस करण्यात चाक अॅक्सलपर्यंत खाली जातं, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. स्टिअरिंग सरळ करा. पुढच्या चाकांसमोरचा चिखल छोट्या फावड्याने उकरून उतरती वाट करा. ट्रॅक्शन बोर्डचं (चाकाला पकड देणाऱ्या दातेरी फळीचं) टोक टायरच्या अगदी बुडाशी, दाते टायरला टेकतील असं ठोकून बसवा. टायरची हवा एक तृतीयांश कमी करा, म्हणजे ५५ पीएसआय असेल तर ३६ च्या आसपास. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण चाक घसरलं की ते इंजिनाची ताकद कापतं आणि गाडी थबकते. मग दुसरा गिअर, क्लच अगदी हळू. प्रवासी उतरून बाजूला उभे राहतील. चाकांच्या रेषेत पुढे किंवा मागे कोणीही नाही, कारण बोर्ड निसटला की दगडासारखा उडतो. पायपुसणी आणि फ्लोअर मॅट घालायचा सल्ला मिळेल, पण त्या एका फेऱ्यात चाकाखालून बाहेर फेकल्या जातात. त्यापेक्षा मागच्या टाकीतलं पाणी सोडून द्या आणि जड सामान मागून पुढच्या सीटजवळ आणा.

ओढून काढायची वेळ आली तर स्क्रूचा टोइंग हुक कुठे ठेवलाय हे आधीच बघून ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवून बसतो. शेवटपर्यंत बसवा आणि पान्याने आवळा. पट्टा ताणला जात असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको.

---

मोकळी_हवा

खिडक्या पूर्ण बंद करून झोपायचं: नाही. हे एवढं स्पष्ट लिहिते, कारण बाकी सगळ्या चुकांनी फार तर सकाळ वाया जाते, ही चूक जिवावर बेतते.

साधी बाब आधी. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. तिघे, आठ तास, म्हणजे जवळपास एक लिटर. ते सगळं थंड पत्र्यावर आणि काचांवर जमतं, पॅनेलच्या मागे उतरतं आणि इन्सुलेशन ओलं करतं. उपाय म्हणजे दोन वाटा: एक खालून आत येणारी, एक वरून बाहेर जाणारी. छताचा पंखा बाहेर फेकण्याच्या दिशेला, १०-२० टक्के वेगावर. समोरच्या टोकाची एखादी खिडकी दोन बोटं उघडी, तिला बारीक जाळी. मग डास येत नाहीत आणि हवा अख्ख्या गाडीतून फिरून जाते. एक गोष्ट बघा: पंखा हवा बाहेर काढत असताना सगळ्या खिडक्या बंद असतील तर तो मिळेल त्या फटीतून हवा ओढतो, आणि त्या फटी बहुधा गाडीच्या तळाशी असतात, जिथे शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर साचलेला असू शकतो. म्हणून उघडी खिडकी जनरेटरच्या उलट बाजूची निवडा.

आता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा. एक किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे गाडी आणखी ओली. आणि बंद जागेत ऑक्सिजन कमी होत गेला की ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागते. स्वयंपाक करताना सरकतं दार उघडं आणि पंखा चालू.

सगळ्यात घातक म्हणजे कोळशाची शेगडी. बाहेर भाजणं संपलं, ज्वाळा विझल्या, पाऊस आला, म्हणून शेगडी गाडीत किंवा दाराला लावलेल्या तंबूत ओढून ठेवली जाते. राखेखालचे निखारे पुढे कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. शेगडी बाहेरच राहील, भिजली तर भिजू द्या.

अलार्म दोन लागतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाड्या-बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा घ्या. हा वायू हवेच्या जवळपास सारख्याच वजनाचा असतो, त्यामुळे अलार्म झोपलेल्यांच्या डोक्याच्या पातळीला हवा, शेगडीपासून किमान एक मीटर दूर. एलपीजी मात्र हवेपेक्षा जड, ती खाली साचते. तिचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर. गॅसच्या कपाटाच्या तळाला बाहेर जाणारं भोक असतं, ते चिखलाने किंवा सामानाने बुजलेलं नाही ना, हे पोचल्यावर वाकून बघा. टेस्ट बटण दाबल्यावर फक्त भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सर नाही. म्हणून मागे छापलेली मुदत बघा आणि ती संपली असेल तर अलार्म बदला.

निघण्याआधी रेग्युलेटर आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे वाढत गेले तर गळती. झोपताना आणि गाडी चालवताना सिलिंडर मूळ व्हॉल्व्हवर बंद.

दोघांना एकाच वेळी डोकं दुखायला किंवा मळमळायला लागलं तर तो गाण्याचा किंवा उन्हाचा त्रास समजू नका. आधी सगळे बाहेर, दारं उघडी, मग वैद्यकीय मदत. कारण कुठे आहे हे शोधायला आत थांबायचं नाही.

---

चाकांवर_मुक्काम

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. मोकळी_हवा ताई, दोन्ही अलार्म आजच मागवतो. वायर बघितली, १० स्क्वेअरची निघाली.

आणखी दोन प्रश्न. झोप यावी म्हणून गाडी स्टेजच्या मागे लावली तर आवाज कमी येईल ना? आणि आमच्यातले दोघे बिअर घेतील, तिसऱ्याकडे गाडी चालवायचा परवाना नाही. सकाळी आठला निघालो तर चालेल का?

---

मंद्रसप्तक

स्टेजच्या मागे गाणं कमी ऐकू येतं, हे खरं. पण तिथे स्टेजचा डिझेल जनरेटर असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर खरी गडबड तिथेच सुरू होते. ट्रसच्या (स्टेजच्या धातूच्या सांगाड्याच्या) पिना हातोडीने ठोकून काढणं, चाकांच्या पेट्या रॅम्पवरून ट्रकमध्ये ढकलणं, फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा पिपाणा. हे पहाटेपर्यंत चालू शकतं. तिथे लावू नका. स्टेजच्या बाजूला, प्रेक्षकांच्या मागच्या कोपऱ्याच्याही पलीकडे, जितकं लांब जमेल तितकं.

अंतराचा नियम सोपा आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ३० मीटरवरून २४० मीटरवर गेलात तर १८ डेसिबल कमी. मोठ्या लाइन ॲरे (एकाखाली एक टांगलेल्या) स्पीकरसमोर जवळच्या टप्प्यात ही घट याहून कमी असते, म्हणून अगदी समोरच्या रेषेत राहू नका. गाडीचा पत्रा आणि इन्सुलेशन वरचे स्वर अडवतात, बास अडवत नाहीत. उलट मोठं सपाट पॅनेल बासबरोबर थरथरतं. बासवर अंतर हाच उपाय. वारा स्टेजकडून तुमच्याकडे वाहत असेल किंवा निरभ्र रात्री जमिनीजवळची हवा लवकर थंड झाली असेल, तर आवाज खाली वाकून येतो आणि दुपारच्या साउंडचेकपेक्षा रात्री जवळचा वाटतो. त्यामुळे दुपारच्या अंदाजावर जागा ठरवू नका.

कानांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून सांगतो. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी दिलेली मर्यादाही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल हीच आहे, म्हणजे ती पाळणारा कार्यक्रमसुद्धा तीन तासांत कानांना बारापट मात्रा देतो. १५ ते २० डेसिबल कमी करणारे, सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवणारे संगीतकारांचे इअरप्लग वापरा. गाणं तसंच ऐकू येतं, फक्त हलकं. फोमचे वरच्या पट्ट्या जास्त कापतात आणि सगळं गाणं गोधडीखालून आल्यासारखं होतं. ते झोपण्यासाठी ठेवा. फोम बसवायची पद्धत: बोटांनी वळून बारीक नळी करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता तोंडाशी टेकवलेला प्लग पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मंही काम करत नाही.

एक गोष्ट मोकळी_हवा यांच्या उत्तराला जोडतो. बहुतेक अलार्म एका मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास वाजतात. तिघांनीही फोम घातला आणि अलार्म गाडीच्या दुसऱ्या टोकाला असला तर गाढ झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. अलार्म डोक्याजवळ हवा, आणि एकाने तरी प्लगशिवाय झोपावं.

---

रात्रीचा_चालक

बिअरचं उत्तर हिशेबानेच देतो. ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं. झोप, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी त्यात काही फरक पडत नाही. संध्याकाळी ७ पासून चार घेतल्या तर ८० ग्रॅम. ते संपायला ८ ते ११ तास, म्हणजे पहाटे ३ ते सकाळी ६. सहा घेतल्या तर १२० ग्रॅम, आणि हळू जाळणाऱ्या शरीराला दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजतात. सकाळी आठला ठीक वाटणं म्हणजे रक्तात शून्य असणं नव्हे. परवाना असलेल्या दोघांपैकी एकाने अजिबात घेऊ नये, हेच बरं. मध्यरात्री गाडी हलवायला सांगितलं तर कोण हलवणार? चिखल, आपत्कालीन वाट, कशामुळेही ती वेळ येते. शिवाय बऱ्याच देशांत दारू पिऊन, चावी जवळ ठेवून चालकाच्या सीटवर बसणं हाही गुन्हा धरला जातो, इंजिन बंद असलं तरी. पिणाऱ्याने मागच्या पलंगावर झोपावं आणि चावी न पिणाऱ्याकडे असावी.

न पिणाराही रात्री दीडला झोपून सहाला उठला तर थकलेलाच असणार. डोळे जड झाले की खिडकी उघडणं आणि गाणी लावणं पुरत नाही. थांबून कॉफी घ्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो.

प्रवासात पलंगावर कोणी झोपायचं नाही. तिघांनाही पट्टा असलेली सीट हवी. बाकाला चेसिसला जोडलेला पट्टा नसेल तर तिसऱ्याने पुढे बसावं.

---

चिखलवाट

थोडं राहिलेलं. पाणी: तिघांना एका रात्रीला २० लिटरचा एक कॅन आणि वर पिण्याचं ६ लिटर पुरतं. जास्त घेऊ नका, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि मऊ मैदानात प्रत्येक किलो मोजला जातो. सांडपाणी डब्यात साठवून परत न्या. पोर्टेबल टॉयलेटची टाकी मैदानात किंवा नाल्यात रिकामी करायची नाही.

हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क बसतं. तिकिटं आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, भेटायची जागा आणि वेळ ठरवा. अंधारात सगळ्या रांगा सारख्या दिसतात, म्हणून गाडी लावल्यावर तिथून दिसणाऱ्या दोन न हलणाऱ्या खुणांचा फोटो काढा. दिव्यांचे फिरते मनोरे खूण म्हणून धरू नका, ते रात्रीतून हलतात.

---

चाकांवर_मुक्काम

आयोजकांशी बोललो. मुक्कामाला परवानगी आहे, फाटक रात्री १ ते सकाळी ६ बंद. मी चालवणार आणि घेणार नाही. एकच शंका: चिखलातून निघण्यासाठी टायरची हवा कमी केली तर तशाच हवेवर किती लांब जाता येईल?

---

बारा_व्होल्ट

घट्ट जमिनीपर्यंत, तेही चालण्याच्या वेगाने. त्या दाबावर भरलेली गाडी डांबरी रस्त्यावर पळवली तर टायरच्या बाजू दुमडून तापतात आणि आतून फाटतात. बाहेरून लगेच काही दिसत नाही. हवा भरायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बरोबर हवाच. चिमट्याने बॅटरीला लावायचा घ्या, सिगारेट सॉकेटवरचा नको. व्हॅनच्या टायरला त्याचा फ्यूज टिकत नाही. इंजिन चालू ठेवून भरा, एका टायरला ३६ वरून ५५ पर्यंत यायला बारीक कॉम्प्रेसरला सहा-आठ मिनिटं लागू शकतात, आणि दोन टायर झाले की त्याला दहा मिनिटं थंड होऊ द्या. दाब दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे, पुढचा आणि मागचा वेगळा असतो. निघण्याआधी रॅम्प, ठोकळे, गॅसचा व्हॉल्व्ह आणि छताच्या पंख्याचं झाकण एकदा बघा. झाकण उघडं राहिलं तर हायवेच्या वाऱ्याने बिजागरीसकट उपटून जातं.